भूगोलाची संथा

जुलैत शाळा उघडली आणि मी मास्तरीण झाले. त्याआधी ज्येष्ठात अण्णा गेले होते. या दोन गोष्टी मी अजूनही अशाच एकापाठोपाठ एक सांगते, कारण त्या वर्षी मला त्यांच्यात काही फरक वाटत नव्हता. एक झालं, मग दुसरं झालं. मधे मी ट्रंकेतून दोन सुती साड्या काढून इस्त्रीला दिल्या, एवढंच.

अण्णा म्हणजे माझे वडील. बनारसला ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं आणि पुढच्या खोलीत ते वेद शिकवत. मी त्यांची एकुलती एक. मला वेद शिकवण्याचा प्रश्नच नव्हता, पण कॉलेजात त्यांनीच घातलं, बी.टी.सुद्धा त्यांच्याच हट्टाने झालं. "आपल्या घरात शिकवण्याखेरीज कुणी काही केलेलं नाही. हिने तरी दुसरं काय करावं?" असं ते आईला म्हणाले होते. मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. "विषय कोणता?" म्हणाले. भूगोल म्हटल्यावर जरा हिरमुसले. त्यांना वाटलं होतं, निदान संस्कृत तरी देतील.

चुलतभावाने अग्नी दिला. बायकांनी घाटावर जायचं नव्हतं, म्हणून मी घरात बसले. पुढचे तेरा दिवस सगळं सगळ्यांनी केलं; पिंड, दान, जेवणावळ. मुलगी म्हणून माझ्या वाट्याला काहीच काम आलं नाही. आई सरळ बाई. तिला रडू यायचं तेव्हा ती रडायची, डाळ निवडताना, न्हाणीत, कुणी साधं "बसा" म्हटलं तरी. माझे डोळे मात्र कोरडे ठणठणीत. समाचाराला आलेल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगायच्या, "पोरीचा दगड झालाय हो. रडवा तिला." रडायला माझी काही हरकत नव्हती. येतच नव्हतं. मला वाईटही वाटत नव्हतं, ते का वाटत नाही याचंही वाईट वाटत नव्हतं.

अशा अवस्थेत मी शाळेत रुजू झाले. वर्षभर कच्ची नेमणूक, मग काम पाहून पक्की. सकाळी निघताना आई म्हणायची, "जल्दी ये गं. संध्याकाळी चौकात भीड असते." आमच्या घरातली मराठी अशीच, अर्धी गंगेत न्हालेली. गल्लीतून बाहेर पडलं की तीही संपायची आणि मग दिवसभर हिंदी.

शिक्षिकांच्या खोलीत नव्या बाईला सल्ले देण्याची रीतच असते. इतिहास शिकवणाऱ्या एक जुन्या बहनजी होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दिवाली तक हँसना मत. लड़कियाँ सिर पर चढ़ जाएँगी." इतका सोपा सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी होळीपर्यंतसुद्धा पाळला असता.

मला आठवीचा वर्ग दिला. चाळीसेक मुली, निळ्या ओढण्या, तेल चोपडून घट्ट घातलेल्या वेण्या. बी.टी.ला आम्हाला शिकवलं होतं की प्रश्न विचारा, नकाशा दाखवा, मुलींच्या अनुभवातून धडा फुलवा. फुलवायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून जे आलं ते लहानपणापासून कानांवर पडत आलेलं आलं. मी पुस्तकातलं एक वाक्य म्हटलं आणि हाताने खूण केली. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "दो बार."

ही संथा. आमच्याकडे वेद असाच शिकवतात. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा. मधे बोलायचं नाही, शंका काढायची नाही, अर्थाची घाई करायची नाही. आधी तोंडात बसलं पाहिजे, अर्थ त्याच्या पायांनी मागून येतो, असं अण्णा म्हणत. पुढच्या खोलीत पहाटेपासून हेच चालायचं. त्यांचा एक आवाज आणि मागून दोनदा पोरांचा कल्ला. ते गेल्यावर विद्यार्थी दुसऱ्या गुरुजींकडे गेले. मी मात्र ती संथा आठवीच्या वर्गात नेऊन बसवली आणि दख्खनचं पठार, काळी माती, कापूस, खाणी, नद्या सगळं त्या चालीवर घ्यायला लागले. वैदिकाच्या घरातली मुलगीच असला उद्योग करू जाणे.

एक गोष्ट त्यात सोयीची होती. संथेला गुरूचं मन लागत नाही, तोंड लागतं. मी वाक्य टाकायचे आणि मुली ते उचलून दोनदा म्हणेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचे. बाहेर काही विशेष नव्हतं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड, कधी एखादं माकड. घंटा झाली की तास संपायचा. महिना संपायचा. घरी येऊन जेवायचे, झोपायचे, सकाळी पुन्हा तेच. मी दुःखात होते असं कुणाला वाटत असेल तर तसं नव्हतं. मी कुठेच नव्हते.

माझा वर्ग शाळेत नावाजला गेला. शेजारच्या वर्गात बाजार भरलेला आणि माझ्या वर्गात एकही पोर मधे बोलत नाही, एकही प्रश्न नाही, आवाज असा एकसुरी की बड़ी बहनजी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा दाराशी थबकून ऐकत राहिल्या. मला वाटलं, मुली गरीब आहेत आणि मला शिकवता येतंय. दोन्ही समजुती चुकीच्या निघाल्या.

वर्गात दोन मुली मला वेगळ्या ओळखू यायच्या. एक मॉनिटर. सावळी, काटकुळी, पाठांतर असं की मी श्वास घेतला तर तोही तिच्या ध्यानात राहावा. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. ती आणि तिची आई ताऊजींच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या घरी राहत. ताऊजींची बनारसी साड्यांची गद्दी, म्हणजे पेढी होती आणि घरातल्या मुलींपैकी पाचवीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. मुहल्ला नावं ठेवत होता, तरी ताऊजींनी एका अटीवर सोडलं होतं. एक तक्रार आली की शाळा बंद. हे सगळ्या शाळेला माहीत होतं, कारण नाव घातलं त्या दिवशी त्यांनी ते ऑफिसात उभं राहून मोठ्यांदा सांगितलं होतं. दुसरी मुलगी पार ढ. गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी चघळणारी, दोनदा म्हणण्यात पहिल्यांदा मागे आणि दुसऱ्यांदा चूक. तिच्याकडून काही होणार नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

डिसेंबरात सहामाही झाली. शाळेची पद्धत अशी की नव्या बाईचे पेपर जुन्या बाईने तपासायचे. भूगोलाचे पेपर त्या इतिहासाच्या बहनजींकडे गेले. दोन दिवसांनी त्या गठ्ठा घेऊन सरळ बड़ी बहनजींच्या खोलीत गेल्या आणि मला बोलावणं आलं.

सगळ्या पेपरांत उत्तरं शब्दाला शब्द तीच होती. एवढंच असतं तर घोकंपट्टी म्हणून सोडून दिलं असतं. पण पावसाळी वाऱ्यांच्या उत्तरात प्रत्येकीने लिहिलं होतं, "ये हवाएँ पाऊस लाती हैं, नहीं-नहीं, वर्षा लाती हैं." शिकवताना माझ्या तोंडून मराठी शब्द निसटला होता आणि मी तो लगेच सुधारला होता. मुलींनी माझी चूकही लिहिली होती आणि सुधारणाही, स्वल्पविरामासकट.

"एक ने लिखा, बाक़ी सबने उतारा," जुन्या बहनजी म्हणाल्या. "इतना भी नहीं देखा कि क्या उतार रही हैं." वेगळा पेपर फक्त त्या ढ मुलीचा. मोडकातोडका, अर्धा चुकीचा, पण स्वतःचा. तिने लिहिलं होतं की वारे समुद्रावरून भिजून येतात आणि डोंगराला आपटून पिळले जातात.

नकलेला शिक्षा ठरलेली होती. विषयात शून्य, रेकॉर्डवर शेरा आणि पालकांना सूचना. सूचना तर त्याच दिवशी दाईच्या, म्हणजे शाळेच्या शिपाईणीच्या हाती घरोघर गेल्यासुद्धा. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. मला माहीत होतं की नक्कल झालेली नाही. ते सांगायला तोंड उघडावं लागतं, एवढाच प्रश्न होता. घरी येऊन मी जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी मॉनिटरची जागा रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. हजेरी घेताना तिच्या नावापाशी मी थांबले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अब नहीं आएगी बहनजी. ताऊजी ने किताबें रद्दी में डाल दीं."

तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी झालं. दुःख नव्हे, रागच आला. हजेरी अर्धी टाकून मी बड़ी बहनजींच्या खोलीत गेले आणि म्हटलं, या मुलींनी नक्कल केलेली नाही, येऊन ऐका. माझा आवाज बराच चढला असावा, कारण दारातली दाई आत डोकावून गेली.

बड़ी बहनजी आल्या. खादीची साडी, जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर कधी काही दिसायचं नाही. मी मुलींना उभं केलं आणि म्हटलं, मानसून. मुलींनी पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली आणि कुठेही न अडखळता शेवटापर्यंत म्हणून दाखवलं, माझ्या "नहीं-नहीं"सकट. बड़ी बहनजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नक़ल नहीं है, यह तो मान लिया," त्या म्हणाल्या. "पर तुम लोग समझदार लड़कियाँ हो. बहनजी से भूल हुई तो टोका क्यों नहीं? भूल भी लिख दी?"

बड़ी बहनजींनी त्या ढ मुलीला पुढे बोलावलं. तिच्यावर आरोप नव्हता, तेव्हा ती खरं सांगेल असं त्यांना वाटलं असावं. तिने तोंडातलं गिळलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

पहिल्या दिवशी, तिने सांगितलं, नव्या बहनजींना मुली विचारतात तसं सगळं विचारत होत्या. घर कुठे, भाऊ किती. मॉनिटरने विचारलं, "बहनजी, आपके पिताजी क्या करते हैं?" आणि बहनजी गप्प झाल्या. हातात खडू होता, तो तसाच. "घंटी बजी तब तक खड़ी रहीं. हम लोग डर गए थे." मग दाईने मधल्या सुट्टीत सांगितलं की बहनजींचे वडील आत्ताच गेलेत. मॉनिटर खूप रडली. तिनेच सगळ्यांना शपथ घातली की आता बहनजींना कुणी काही विचारायचं नाही. त्या म्हणतील ते म्हणायचं, दोनदा म्हणतील तर दोनदा, आणि चुकायचं नाही. "हम दोहराते हैं तो बहनजी ठीक रहती हैं. भूल पर टोकते तो फिर वैसी हो जातीं." रोज मधल्या सुट्टीत मॉनिटर सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची. "मुझसे याद नहीं होता था," ती म्हणाली आणि एकदम भोकाड पसरून रडायला लागली. "मैं अकेली बाहर रह गई."

मला तो पहिला दिवस आठवत नाही. तेव्हाही आठवला नाही, आजही नाही. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि संथा सुरू केली, माझ्या आठवणीत शाळा तिथून सुरू होते. त्याच्या आधी एक अख्खा तास होता आणि तो या मुलींनी माझ्यासाठी सांभाळून ठेवला होता, हे मला डिसेंबरात कळलं.

बड़ी बहनजींनी शेरे रद्द केले. पेपर मात्र पुन्हा होईल, म्हणाल्या, आणि उत्तरं जिने तिने आपल्या शब्दांत लिहायची. त्या पेपराचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. मुलींनी हव्या तशा चुका केल्या. एकीने खैबरखिंड विंध्याद्रीत नेली. पण एका पेपरासारखा दुसरा नव्हता. तो तपासायला मला पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बसावं लागलं. प्रश्न विचारून गप्प बसायचं आणि उत्तर येईपर्यंत दम धरायचा, हे मी त्याच्यानंतर शिकले. बी.टी.ला शिकवलं होतंच, पण तेव्हा ते वहीपुरतं होतं.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात पेपर नव्हता. शाळा सुटल्यावर मी ताऊजींच्या घरी गेले. खालच्या मजल्यावर गद्दी, पांढऱ्या चादरीवर ते लोडाला टेकून बसलेले. बहनजी आल्या म्हणून उठून उभे राहिले, मला बसवलं, आणि बसल्या बसल्या निकालही देऊन टाकला.

"देखिए बहनजी, हमने पहले ही कह दिया था. एक शिकायत, और पढ़ाई बंद."

"शिकायत वापस हो गई," मी म्हटलं. "उसने नक़ल नहीं की."

"नहीं की तो चालीस लड़कियों ने एक ही बात कैसे लिख दी? हम कपड़े के आदमी हैं. एक करघे पर दो साड़ियाँ बुनवाओ, वे भी हूबहू नहीं उतरतीं."

मी संथेचं सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे शिकवण्याची पद्धत अशी, एकदा, मग दोनदा. ताऊजी मान हलवत होते, पण ती बनारसची मान, होकाराची नव्हे, ऐकून घेण्याची. आतल्या दाराच्या पडद्याआड मुलीची आई उभी होती, तिचे पाय दिसत होते. मी बोलता बोलता थांबले. मी सांगत होते ते खरं होतं, पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. उत्तर एकच होतं आणि ते मी तोपर्यंत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, शाळेत दाईने सांगितलं होतं, नातेवाइकांना तारा चुलतभावाने केल्या होत्या.

"मेरे पिताजी नहीं रहे," मी म्हटलं.

ताऊजी लोड सोडून सरसावून बसले. "कब?"

"जेठ में."

"बीमार थे?"

"हाँ."

समाचाराला येणारा कुणीही विचारतो तेच दोन प्रश्न. उन्हाळाभर ते मी आईला विचारले जाताना ऐकले होते, ती उत्तरं देताना ऐकली होती. पण मला कुणी विचारले नव्हते. "इन लड़कियों ने," मी म्हटलं, "मेरे लिए..." आणि पुढचं वाक्य आलं नाही. दुसरंच काहीतरी आलं. घशातून असा आवाज निघाला की गद्दीवरचा मुनीम उठून बाहेर गेला. परक्या माणसाच्या दुकानात, पसरलेल्या साड्यांच्या मधे बसून मी पदर तोंडात कोंबून रडले. लाज वाटत होती आणि थांबता येत नव्हतं.

ताऊजी पडद्याकडे वळून म्हणाले, "बिटिया से कहो, बहनजी के लिए पानी लाए." मॉनिटर लोटा आणि बशीत दोन बताशे घेऊन आली. माझ्यासमोर बसली. तिने काही विचारलं नाही. तिने विचारावं असं मला फार वाटत होतं, म्हणून मीच सांगितलं, "मेरे पिताजी वेद पढ़ाते थे." तिने मान हलवली, हळूच, नीट ऐकल्यासारखी.

"कल से आएगी," ताऊजी म्हणाले. "मुहल्ले से हम निपट लेंगे."

चौकात खरंच भीड होती. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आई चुलीपुढे पोळ्या लाटत होती. मला बघून ती म्हणाली, "इतकी देर?" आणि मग नीट बघून लाटणं खाली ठेवलं.

"आई," मी म्हटलं, "अण्णा गेले गं."

तिने पिठाचे हात तसेच पुढे केले. "हो गं बाळ," ती म्हणाली. "गेले."